सावलीवर मोजलेलं पाणी

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आमच्या घरात मी चालायला लागलो तेव्हापासून बोललं जातं. माय म्हणायची, "ह्याला बसाया घोंगडं टाकलं तर हे घोंगड्याभवतीच फिरतंय." ओमानला गेल्यावर ती भिंगरी जास्तच जोरात फिरायला लागली. सहा दिवस रस्त्याच्या मोजणीचं काम असायचं. दुर्बिणीला डोळा लावून उन्हात उभं राहायचं आणि आकडे लिहायचे. शुक्रवारी सुट्टी. कॅम्पातली बाकीची माणसं त्या दिवशी झोपायची, कपडे धुवायची, नाहीतर मस्कतच्या बाजारात जाऊन टेपरेकॉर्डरवर हात फिरवून यायची. मला खोलीत तासभरसुद्धा बसवायचं नाही. बसलो की छातीत काहीतरी कुरतडायला लागायचं. ते काय आहे हे मला माहीत होतं, पण चालत राहिलं की त्याच्याकडं बघावं लागायचं नाही.

परदेशात राहायला गेलेल्या माणसानं काय बघावं, असं कुणी विचारलं तर मी किल्ले आणि राजवाडे सांगत नाही. ते चित्राच्या कार्डावर असतातच. मी सांगतो, आधी पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरशी दोस्ती करा. जिथं कुणी जात नाही तिथं तो जातो. आमच्या कॅम्पाचा ड्रायव्हर पेशावरकडचा होता. लातूर-नांदेडकडची आमची बोली अर्धीमुर्धी दखनीच, त्यामुळं आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. त्याच्याशेजारी बसून मी असे मुलूख बघितले की आमच्या इंजिनियरसाहेबांनासुद्धा त्यांचा पत्ता नव्हता. एका गावात बकऱ्यांचा बाजार भरायचा. गिऱ्हाईक गोल करून बसायचं आणि विकणारे दोरी धरून बकऱ्यांना त्यांच्यासमोरून गरागरा फिरवायचे. आमच्याकडं गिऱ्हाईक फिरतं आणि जनावर उभं असतं, इथं उलटंच. एका डोंगराच्या कुशीत मातीची तीनमजली घरं होती, सगळी रिकामी. माणसं खाली नव्या सिमेंटच्या घरांत गेलेली, आणि वरच्या एका चुलीवर भांडं तसंच ठेवलेलं. समुद्राच्या काठी एके ठिकाणी म्हातारे सुतार कागदावर एक रेघही न मारता आख्खं जहाज बांधत होते. मी रेघांवर पोट भरणारा माणूस. मला ते बघून आधी राग आला आणि मग लाज वाटली.

हे सगळं बघायचो, पण मन कुठंच ठरायचं नाही. एक जागा झाली की दुसरी. ड्रायव्हर म्हणायचा, "भाई, तुम देखते कम हो, भागते ज्यादा हो."

तसंच पळत पळत मी एका शुक्रवारी त्या पाण्याच्या गावात पोचलो. चारी बाजूंनी जळल्यासारखे काळे डोंगर, गवताची काडी नाही, आणि मधोमध हिरवीगार खजुराची बाग. डोंगराच्या पोटातून हातभर रुंदीचा एक पाट निघाला होता आणि तो गावभर वाहत होता. मोट नाही, इंजिन नाही. पाणी आपलं आपण चाललेलं. मी चपला काढल्या आणि हात जोडले. आमच्याकडं त्या साली दुष्काळ होता. मी निघालो तेव्हा गावच्या विहिरींत खडक दिसत होता.

त्या पाटावर सगळं ठरलेलं होतं. वर पहिल्या जागी फक्त प्यायचं पाणी भरायचं. त्याच्या खाली हातपाय धुवायचे, त्याच्या खाली कपडे, आणि मग पाणी बागेत जायचं. बागेत ते कुणाला किती मिळणार, हे एका उघड्या अंगणात ठरायचं. तिथं पुरुषभर उंचीची एक काठी रोवलेली होती आणि जमिनीवर ओळीनं दगड मांडलेले होते. काठीची सावली या दगडावरून त्या दगडावर गेली की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू झाली. शेजारी एक म्हातारा बसून असायचा. तो पाण्याचा कारभारी. जवानीत त्यानं कराचीत हमाली केली होती, त्यामुळं मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. मी विचारलं, घड्याळ असताना काठी कशाला? तो म्हणाला, "घडी मेरी है. साया सबका है."

आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी तीन शुक्रवार गेलो.

तिसऱ्या शुक्रवारी मी एकटाच बागेच्या कडेनं फिरत होतो. बघतो तर पाटाला एके ठिकाणी वाट काढून दिलेली, आणि पाणी एका कोपऱ्यातल्या रिकाम्या वाफ्यात चाललेलं. वाफ्यावर नुसत्या वाळक्या झावळ्या पसरलेल्या. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. पाणी वाया चाललंय! आमच्या भागातल्या माणसाला पाणी वाया जाताना दिसलं की त्याचे हात त्याला विचारत नाहीत. मी खाली बसलो, चिखलाचा गोळा आणि दोन दगड लावून ती वाट बंद केली आणि पाणी पुन्हा पाटात सोडलं. मनातून खूश झालो. पाण्याची दारं धरायला मी विसरलो नव्हतो.

थोड्या वेळानं ओरडाआरडा ऐकू आला. एक म्हातारी बाई त्या वाफ्याशी उभी राहून हातवारे करत होती. तिनं झावळी उचलली. खाली कांद्याचं रोप होतं, बोटभर उंचीचं, आणि माती कोरडी. कारभारी आला, चार माणसं जमली. कुणीतरी खालच्या बागेवाल्याकडं बोट दाखवलं, कारण पाणी त्याच्याकडं गेलं होतं. तो बिचारा शपथा घ्यायला लागला. आणि मी गप्प उभा. हे सगळं मी आधी एकदा बघितलं होतं. तेव्हाही मी असाच गप्प उभा होतो.

ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं गाव लातूर आणि नांदेडच्या शिवेवर, कंधारच्या अलीकडं. आप्पा म्हणजे माझे वडील आणि काका, दोघांच्या शेताला मिळून एक विहीर. पाण्याची पाळी बसवर ठरलेली. दुपारी कंधारहून लातूरला जाणारी बस सडकेवरून गेली की सकाळची काकांची पाळी संपायची आणि आप्पांची सुरू व्हायची. बस पंक्चर झाली की आप्पा चिडायचे, लवकर आली की काका. पण ती कुरकुर घरातली होती, संध्याकाळी दोघं एका पारावर बसायचे. मी एकोणीस वर्षांचा होतो. उन्हाळ्याचे दिवस होते. काकांच्या पाळीत मी बांधावरून चाललो होतो, तर दांडाचं पाणी त्यांच्या कोपऱ्यातल्या नुसत्या पाचटात चाललेलं दिसलं. पाणी वाया चाललंय असं वाटून मी ते आमच्याकडं वळवलं आणि मित्राबरोबर उदगीरला सिनेमाला गेलो. पाचटाखाली मिरचीचं रोप होतं. दोन दिवसांनी ते माना टाकून पडलं.

काकांनी चार लोकांत आप्पांना विचारलं, "दादा, पाणी तू वळविलास का?" आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग हातात घेऊन आमचा माणूस खोटं बोलत नाही. आप्पांनी लिंग हातात धरलं आणि म्हणाले, "म्या हात लावला न्हाई." काका म्हणाले, "मग पाणी काय आपल्या पायानं चालत गेलं?" झालं. मिरची राहिली बाजूला. सख्ख्या भावानं लिंगावरची शपथ खोटी मानली, हे आप्पांच्या जिवाला लागलं. त्या दिवसापासून आठ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मी तिथंच पाच हातांवर उभा होतो. आता बोलतो, मग बोलतो, असं म्हणता म्हणता एक दिवस गेला, आणि मग रोज बोलणं जास्तच अवघड होत गेलं. शपथ खरी होती आणि चोरीही आमच्याच घरातून झाली होती. हे आप्पांना कोणत्या तोंडानं सांगायचं? मी तोंड लपवून लातूरला शिकायला गेलो, मग नांदेडला नोकरीला, मग समुद्रापलीकडं. माझी भिंगरी ती हीच.

तर त्या खजुराच्या बागेत मी हात पुढं केले. दोन्ही हात चिखलानं भरलेले होते. "मैंने किया," म्हणालो.

कारभाऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग काठीकडं गेला. सावली बघितली, मला विचारलं, किती वेळ झाला? मला सांगता येईना. त्यानंच अदमास बांधला, आणि आपल्या स्वतःच्या पाळीतलं तेवढं पाणी त्या म्हातारीला लावून दिलं. पाहुण्याच्या चुकीची भरपाई यजमानानं करायची, असा त्यांचा रिवाज. ज्याच्यावर आळ आला होता तो माणूस हसला आणि त्यानं माझ्यापुढं खजूर ठेवले. एवढंच होतं? दोन शब्द? मी तिथं लहान लेकरासारखा रडलो, आणि त्या लोकांना वाटलं की मी म्हातारीच्या कांद्यासाठी रडतोय.

त्याच आठवड्यात मी आप्पांना पत्र लिहिलं. पहिल्या तीन पानांवर पाटाचं गाव, काठी, दगड, सगळं चित्र काढून समजावलं. चौथ्या पानावर माझा गुन्हा लिहिला, इथला आणि तिथला. शेवटी लिहिलं, 'काकांना मी आल्यावर स्वतः सांगेन, पण तुम्हाला आधी कळावं.' आप्पांना सहीपुरतं अक्षर यायचं. माझी पत्रं गावातले गुरुजी वाचून दाखवायचे आणि उत्तरही तेच लिहायचे. गुरुजी पोटात ठेवणारे होते, म्हणून माझी हिंमत झाली.

उत्तर आलं नाही. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. उदगीरचा एक फिटर सुट्टीवरून परत आला, त्यानं निरोप आणला, "घरी खुशाल हायेत, पाऊस न्हाई." बस, एवढंच. आप्पांनी मला टाकलं, असं मी धरून चाललो. त्या चार महिन्यांत मी शुक्रवारी कुठंही गेलो नाही, आणि खोलीतही थांबलो नाही. कॅम्पाच्या तारेच्या कडेनं नुसता फेऱ्या मारायचो. माझा मलाच वैताग आला होता.

रजा मिळाली आणि मी निघालो. मी ओमानला गेलो त्याच्या आगेमागेच लातूर नवा जिल्हा झाला होता. त्याआधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात. आता लातूरच्या स्टँडवर उतरलो तर ओळखू येईना. जिथं तिथं नव्या कचेऱ्यांच्या पाट्या, फायली घेऊन धावणारी माणसं, चहाच्या टपऱ्यांवर अर्ज लिहून देणारे. आणि त्याच रस्त्यावर टँकरमागं घागरींची लांब रांग. गावाकडच्या बसची चौकशी केली तर कंट्रोलर म्हणाला, दुपारची कंधार गाडी आता नाही. लोकांना कचेरी उघडायच्या वेळेला लातुरात पोचायचं असतं, म्हणून ती पहाटे केली. मला पहिलं सुचलं ते हे, की मग पाळी कशावर ठरते?

घरी पोचलो तर आप्पा शेताकडं गेलेले. मायनं पाणी दिलं, अर्धा तांब्या, आणि सगळा खुलासा केला. नवा जिल्हा झाला तेव्हा गुरुजींनी उस्मानाबादकडं राहायचं लिहून दिलं होतं; त्यांची बदली माझं हे पत्र यायच्या थोडं आधी झाली आणि ते गाव सोडून गेले. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. वाचता येणारी तरणी पोरं सगळी लातूरच्या नाहीतर धर्माबादच्या बाजारात कामाला. माझं पत्र आलं आणि आठ दिवस देव्हाऱ्यात पडून राहिलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. घरचा कागद पराया मानसाला कसा दावायचा? नवव्या दिशी उठले आन् गेले तुझ्या काकाकडं. कागद म्होरं ठिवला. काकानं वाचला. ह्यांनी ऐकला. एक सबूद न बोलता माघारी आले. भांडन आसलं तरी त्यो काय परका हाय का?"

काका निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले, मराठीही खडाखडा वाचायचे. माझं चौथं पान त्यांच्याच तोंडून आप्पांच्या कानावर गेलं होतं. चार लोकांत आळ घेणारा भाऊ आळ खोटा ठरल्याचं वाचतोय, आणि ऐकणाऱ्याला कळतंय की चोर आपल्याच पोटचा. ह्यापेक्षा वाईट काय झालं असतं, ते मला सुचेना. "आप्पा काय म्हणले?" असं विचारलं तर माय म्हणाली, "काय म्हनत्याल? दुसऱ्या दिशी विहिरीवर काठी रोवून आले." मला काही कळेना. मी तसाच शेताकडं निघालो.

विहिरीच्या काठावर खरंच काठी होती. बाभळीची, सरळ तासलेली, आणि जमिनीवर ओळीनं दगड मांडलेले, अगदी माझ्या चित्राप्रमाणं. विहिरीत खडकाच्या भेगेतून नुसतं पाझरणारं पाणी, दिवसभरात चार-सहा घागरी भरतील एवढंच. आता बस नव्हती, तर दोघा भावांनी सावलीवर पाळी धरली होती. आप्पा एका बाजूच्या दगडावर बसलेले, काका दुसऱ्या बाजूच्या. मधे काठी. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, "आलास का," म्हणाले, प्रवासाचं विचारलं. आवाजात राग नव्हता. मी गोंधळून गेलो.

काका उठले, मला बाजूला बांधावर नेलं आणि बंडीच्या आतल्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. माझं चौथं पान.

"एवढं वाचलो न्हाई," काका म्हणाले. "तीन पानं वाचलो, हे ठिवून घेतलो."

"का, काका?"

"आरं, म्या वाचलो आसतो तर तुझा आप्पा म्हनला आसता, ह्यानं पदरचं घालून वाचलं. माज्या फायद्याचं हाय ना ते. त्येच्या शपथंवर म्या इस्वास ठिवला न्हाई, माज्या वाचन्यावर त्यो का ठिवील? हे तुज्या तोंडानं सांग. म्या चार म्हैने लई वाट बगून राहिलो."

एवढं बोलून ते माघारी जाऊन आपल्या दगडावर बसले. चार महिने हा माणूस रोज आप्पांच्या समोर बसला होता, खिशात तो कागद घेऊन. खऱ्या शपथेवर आपण अविश्वास दाखवला, हे कळलेलं असताना. माफी मागायची म्हटली तरी माझं नाव फुटणार, म्हणून तोंड मिटून. मला वाटलं होतं की आठ वर्षं ओझं फक्त मीच वाहतोय.

पळून जावंसं वाटलं, हे कबूल करतो. सडक समोरच होती. पण मी आप्पांच्या पुढ्यात खाली बसलो आणि सांगून टाकलं. पाचट, पाणी, उदगीरचा सिनेमा, आणि त्यांनी लिंग हातात धरलं तेव्हा मी कुठं उभा होतो ते. आप्पा ऐकत राहिले. मान वर केली नाही. मग त्यांनी एकच विचारलं.

"किती येळ वळविलतास?"

"बस जाईपर्यंत. दोन-अडीच तास."

आप्पा उठले. ओळीतला आपल्या पाळीचा पहिला दगड त्यांनी उचलला आणि सावलीच्या पुढं अडीच तासांच्या अदमासानं नेऊन ठेवला. मागचा तुकडा काकांचा झाला. विहिरीत घागरभर पाणी नव्हतं तेव्हा. मग आठ वर्षांत पहिल्यांदा ते काकांकडं तोंड करून बोलले.

"पोहरा सोड. पाळी तुजी हाय."

काका म्हणाले, "दादा, म्या तुज्या शपथंला..." आप्पा म्हणाले, "सोड म्हनलो ना, सावली चालली." काकांनी पोहरा सोडला. वर आला तो अर्धा गाळानं भरलेला होता. दोघंही त्यात वाकून बघायला लागले, आणि गाळ खाली बसायला किती वेळ लागेल ह्यावर त्यांचं बोलणं सुरू झालं.

माझ्याशी मात्र आप्पा बोलले नाहीत. भावाशी आठ वर्षं धरलेला अबोला त्यांनी माझ्याकडं वळवला, आणि तो माझाच होता. महिनाभराची रजा. मी पाणी भरलं, विहिरीतला गाळ उपसला, काकांच्या वाफ्याची माती चाळली. ते माझ्या हातचा चहा घ्यायचे, मी वाढलेली भाकरी खायचे, पण शब्द नाही. संध्याकाळी पारावर काका आणि ते बसायचे आणि मी लांबून त्यांचा आवाज ऐकायचो. मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. त्या महिन्यात मी गावाबाहेर कुठंही गेलो नाही. मायनं तर शेजारणीला सांगितलं की पोराची तब्येत बरी दिसत नाही.

निघायच्या दिवशी पहाटेची कंधार गाडी पकडायला सडकेवर आलो. माय होती, काका होते, आप्पा थोडे मागं उभे. बस थांबली. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण बोलले नाहीत. मी आत जाऊन खिडकीशी बसलो. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा आप्पा पुढं आले आणि खिडकीच्या गजाला हात लावला.

"कागद टाकीत जा," म्हणाले. मग काकांकडं मान वळवली. "वाचनारा हाय."